उष्टी स्टाउट

माझ्या मैत्रिणीने पहिल्यांदा माझ्या पाण्याच्या बाटलीला तोंड लावलं, तेव्हा आम्हाला नेदरलँड्समधल्या वाखनिंगनला येऊन वर्ष होऊन गेलं होतं. नदीच्या बांधावरून सायकली हाणत आम्ही रेनेनकडे चाललो होतो. वारा नेहमीप्रमाणे समोरून. तिची बाटली संपलेली. मी माझी पुढे केली, तर तिने सवयीने मान मागे टाकून बाटली उंच धरली, पण त्या वाऱ्यात वरून पिता येईना. तिने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "जाऊ दे, तुझं चालतं मला," म्हणून सरळ तोंड लावून प्यायली.

यात काय मोठंसं, असं कुणालाही वाटेल. ज्यांनी तिला तेव्हा पाहिलं नाही त्यांना तर नक्कीच वाटेल. ती सांगलीची. तिच्या आईच्या घरी उष्ट्याचा नियम म्हणजे नियम. पाणी वरून प्यायचं, कैरीची फोडसुद्धा दाताने तोडून द्यायची नाही, आमटीची चव बघायची तर तळहातावर घेऊन. विद्यार्थी म्हणून आम्ही ज्या इमारतीत राहायचो तिथे एका मजल्याला मिळून एकच स्वयंपाकघर होतं, आणि तिथली एक मुलगी सॉस ढवळता ढवळता चमचा चाटून परत त्याच पातेल्यात घालायची. माझी मैत्रीण ते बघून उठून खोलीत जाऊन बसायची. स्वतःचं पातेलं आणि चमचे तिने कपड्यांच्या कपाटात ठेवले होते, कुलूप लावून. माझं नाशिकचं घर याच्या अगदी उलटं. आम्ही भावंडांनी एकच बर्फाचा गोळा फिरवून फिरवून संपवलेला आहे. त्यामुळे मला आधी तिची नुसती गंमत वाटायची. पण त्या दिवसापासून अभिमान वाटायला लागला. जिचं उष्टं तिला चालतं अशी या देशात एकटी मीच होते. तिचा नवरा नंतर आला.

पुढे दोघींना इथेच नोकऱ्या लागल्या. ती विद्यापीठात, फर्मेंटेशनच्या लॅबमध्ये. मी गावाबाहेर एका बियाण्यांच्या कंपनीत. लग्नं झाली, घरं झाली, तिला मुलगी झाली आणि ती मला मावशी म्हणायला लागली. आमचा दोघींचा चहा एकाच कपात व्हायचा, अर्धा तिने प्यायचा आणि उरलेला मी. इतक्या वर्षांत मी कधी हे कुणाला बोलून दाखवलं नाही, पण तिच्या आयुष्यातली ती एक जागा माझ्या नावावर झालेली आहे असं मी धरूनच चालले होते. नगरपालिकेत नोंद असावी तसं.

मग तिच्या शेजारचं घर विकलं गेलं आणि तिथे शेजारीण आली.

ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं. ती चांगली निघाली. उंच, केस पांढरे व्हायला लागलेले आणि ते तसेच ठेवलेले, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. फिजिओथेरपिस्ट होती, एकटी राहायची. आल्याआल्या तिने स्वतःची शिडी आणून माझ्या मैत्रिणीच्या पन्हळीतली पानं काढून दिली. मग एकदा मटाराचं सूप आणून दिलं. मग दोन घरांमधल्या कुंपणाची झुडपं वाळली होती, ती दोघींनी मिळून उपटली, आणि पुन्हा काही लावलंच नाही. तिथून येणं-जाणं सुरू झालं. घरातल्या चपला घालून, मागच्या दाराने, न सांगता.

इथे मला एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. डच माणसं कॉफीला बोलवायचं तरी कॅलेंडर उघडतात आणि पुढच्या महिन्यातली तारीख देतात, यावर आम्ही दोघी किती वर्षं हसलो आहोत. आपल्याकडे कसं, जाता जाता बेल वाजवली की झालं, असं आम्ही नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी जोडप्याला सांगायचो. आणि आता ती डच बाई वाटेल तेव्हा मागच्या दाराने आत शिरत होती, आणि मी फोन केला की माझी मैत्रीण म्हणायची, "या वीकेंडला जरा tight आहे गं, पुढच्या महिन्यात बघू या का?" मी कॅलेंडर उघडायचे. काय करणार?

बुधवारी शाळा दुपारीच सुटते. त्या दिवशी तिची मुलगी माझ्याकडे यायची, कारण मी बुधवारी घरून काम करते. मी तिला थालीपीठ लावून द्यायचे, मराठीत गप्पा मारायचे, ती डचमध्ये उत्तरं द्यायची, आमचं बरं चाललं होतं. एका बुधवारी ती आलीच नाही. विचारलं तर कळलं, शेजारणीकडे गेलीये, तिच्याकडे कुत्रा आहे. कुत्र्याशी मी स्पर्धा करू शकत नाही. त्या रात्री जेवताना मी नवऱ्याला म्हटलं की शेजारणीचं सूप मी चाखलंय आणि ते अगदी पाणचट असतं. तो आइंटहोव्हनहून ट्रेनने दमून आलेला. "मग तू नको पिऊस," एवढंच म्हणाला.

आमच्या गावात एक ब्रूपब आहे. बिअर तिथेच मागच्या बाजूला बनते आणि पुढच्या बाजूला विकली जाते. मधे काच, काचेतून मोठमोठी स्टीलची पिंपं दिसतात. बरीचशी कामं गावातले लोक हौसेने करतात. शेजारीण त्यातली एक. फर्मेंटेशन म्हटल्यावर तिने माझ्या मैत्रिणीलाही ओढलं. आता माझी मैत्रीण म्हणजे वाइनचा एक पेला घेऊन संध्याकाळभर बसणारी बाई. मी किती वेळा म्हटलं असेल, चल गं, एकदा तरी बिअर पिऊ, तर नाक मुरडायची. तीच आता दर गुरुवारी रबरी बूट घालून पिंपं धुवायला जायला लागली. इंग्लंडकडच्या पद्धतीची एक स्टाउट, म्हणजे काळी दाट बिअर, करायची असं दोघींनी ठरवलं होतं. काळपट होईपर्यंत भाजलेले जव, त्यात ओट्स, आणि यीस्ट माझ्या मैत्रिणीने निवडलेलं. आठवडेच्या आठवडे मी फोनवर त्या यीस्टची ख्यालीखुशाली ऐकत होते. आज जरा मंद आहे, आज बरं आहे. कुणा आजारी नातेवाइकाची चौकशी करावी तशी मीही रोज विचारायचे, कारण त्या निमित्ताने तरी फोन व्हायचा.

शेवटी एक दिवस मेसेज आला. "शनिवारी दुपारी ये. आमची स्टाउट निघतेय!!" पुढे टाळ्यांची चित्रं. मी तो मेसेज बराच वेळ बघत बसले. आमची. बरं. मी टाळ्यांचं एक चित्र परत पाठवलं.

शनिवारी मी मुद्दाम चांगले कपडे केले. मोतिया रंगाचा चिकनचा कुर्ता, त्यावर लोकरी जाकीट. पबमध्ये असं कुणी येत नाही हे मला माहीत होतं. पण मला कुणीतरी पाहुणी म्हणून जायचं नव्हतं आणि बूट घालून पिंपं धुणारी म्हणूनही नाही, तर तिची सगळ्यात जुनी मैत्रीण म्हणून जायचं होतं, आणि त्यासाठी नेमकं काय घालतात ते मला सुचलं नाही.

आत गर्दी होती, गरम होतं, भाजलेल्या धान्याचा वास दाटून राहिलेला. मला तो वास आवडला आणि आवडला म्हणून रागही आला. खिडकीजवळच्या टेबलावर दोघी बसल्या होत्या, शेजारी शेजारी, एकाच बाकावर. समोरची खुर्ची माझ्यासाठी ठेवली होती. फळ्यावर खडूने स्टाउटचं नाव लिहिलेलं. नाव ठेवलं होतं त्या दोघींच्या गल्लीवरून. ज्या गल्लीत मी राहत नाही.

"किती छान दिसतेयस!" मैत्रीण मराठीत म्हणाली आणि लगेच शेजारणीकडे वळून तेच डचमध्ये म्हणाली. गेली काही वर्षं तिचं डच इतकं सुधारलंय की ती बोलते तेव्हा मला अर्धं ऐकून अर्धं ताडावं लागतं. माझं डच कामापुरतं. शेजारीण माझ्याशी इंग्रजीत बोलते, सावकाश, प्रेमाने. त्या सावकाशपणाचाही मला राग येतो.

शेजारणीने ग्लास आणला. एकच. "आधी तिघींत मिळून एक चाखू या," ती म्हणाली, "आवडली तर मग आपापली घेऊ." ग्लासात काळी कुळकुळीत स्टाउट, वर साईसारखा जाड फेस. ही बिअर फार गार देत नाहीत, हाताने ओढायच्या पंपाने काढतात, त्यामुळे तिला बुडबुडे कमी आणि फेस जास्त, असं तिने मला समजावून सांगितलं. मग ती प्यायली. डोळे मिटून, चांगला मोठा घोट. वरच्या ओठावर फेसाची मिशी आली ती तिने हाताच्या पालथ्या बाजूने पुसली. ग्लासाच्या काठावर तिच्या ओठांचा ठसा उमटला होता, मलमासारखं काहीतरी लावलं होतं तिने, हिवाळ्यात सगळेच लावतात. तो तेलकट ठसा मला टेबलाच्या या बाजूने स्वच्छ दिसत होता.

तिने ग्लास माझ्या मैत्रिणीच्या हातात दिला. आणि माझी मैत्रीण, कपाटाला कुलूप लावणारी माझी मैत्रीण, तिने तो ग्लास जरासुद्धा फिरवला नाही, काठाकडे पाहिलंही नाही. जिथे तो ठसा होता तिथेच ओठ टेकवून प्यायली.

पुढे दोघी काय बोलत होत्या ते मला ऐकूच आलं नाही. कॉफी, कोको, असे शब्द कानावर येत होते. मी त्या ग्लासाकडे बघत होते. हे आज पहिल्यांदा झालेलं नाही, हे मला कळलं. पहिल्यांदा झालं असतं तर ती क्षणभर तरी अडखळली असती. मला जी जागा माझी एकटीची वाटत होती तिथे दुसरं कुणीतरी केव्हापासून येऊन बसलं होतं, घरातल्या चपला घालून, आणि मला कुणी सांगायचीही तसदी घेतली नव्हती.

"आता तू," शेजारीण म्हणाली आणि ग्लास माझ्यापुढे सरकवला.

मी तो उचलला. खरं सांगते, मला उष्ट्याचं आयुष्यात कधी काही वाटलेलं नाही. मी कुणाचंही खाते, कुणाचंही पिते. पण त्या क्षणी माझ्या अंगात सांगलीची ती आई शिरली. हिला दाखवतेच, असं मनात आलं. हिला आठवू दे, नीट वागणं कशाला म्हणतात ते. मी मान मागे टाकली, ग्लास तोंडापासून वीतभर उंच धरला आणि वरून प्यायला लागले.

आपण जन्मभर तांब्यातून, बाटलीतून पाणी वरून पितो, ताकही पितो. पण स्टाउट वरून पिऊन पाहिलेलं माणूस मला अजून भेटलेलं नाही, आणि त्याला कारण आहे. ग्लास तिरका केला, तर काहीच आलं नाही. तो जाड फेस काठाशी अडून बसला होता. मी आणखी तिरका केला. तरी नाही. शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मी आणखी जरा तिरका केला आणि मग तो फेस एकदम सुटला, गोळाच्या गोळा माझ्या नाकावर बसला, आणि त्याच्यामागून स्टाउट आली. नाकात, हनुवटीवर, गळ्यावर, मोतिया कुर्त्यावर. तोंडात म्हणाल तर एक थेंब गेला नसेल. मला जोराचा ठसका लागला.

माझी मैत्रीण हसायला लागली. टेबलावर डोकं ठेवून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. शेजारीण हसली नाही. तिने धावत जाऊन कागदी रुमाल आणले, माझ्या पाठीवर थोपटलं, आणि मग फार गंभीरपणे विचारलं, "भारतात बिअर अशी चाखतात का?"

तेव्हा मैत्रिणीने हसू आवरून तिला उष्टं म्हणजे काय ते समजावायला घेतलं. डचमध्ये. मला वाटलं दोन वाक्यांत उरकेल, पण ते काही उरकेना. तोंड लागलं की ती वस्तू त्या माणसाची होते, मग ती दुसऱ्याला द्यायची नाही. आई-मुलाचं चालतं, फार जवळच्यांचं चालतं. शेजारीण मान हलवत, मधे मधे प्रश्न विचारत, सगळं नीट ऐकून घेत होती.

"पण तू तर माझ्या ग्लासातून नेहमी पितेस," ती म्हणाली.

"हो," मैत्रीण म्हणाली. "तू काय, शेजारीण आहेस."

हे कुठल्या नियमात बसतं ते तिने सांगितलं नाही. शेजारीण माझ्याकडे वळली. "म्हणजे तुला माझी किळस येते का? चालेल, आली तरी. मला फक्त माहीत असलेलं बरं." या लोकांचं हे असं आहे. किती वाजले विचारावं तसं विचारतात.

"नाही, नाही, just a habit," मी म्हटलं आणि उठून वॉशरूमकडे गेले. पाठोपाठ माझी मैत्रीण आली.

बेसिनपाशी ती कागदी रुमाल ओला करून माझा कुर्ता टिपायला लागली. अजून मधूनच हसत होती. "काय गं हे! तू कधीपासून वरून प्यायला लागलीस?"

"तू कधीपासून तिचं प्यायला लागलीस?"

"काय?"

"उष्टं."

तिचा हात थांबला. "अगं, बिअर चाखताना कोण बघतं एवढं?"

"मी बघते. माझ्या बाटलीला तोंड लावायला तुला वर्ष लागलं होतं. वर्ष! आणि तिने काय केलं? पन्हळ साफ केली आणि झालं?"

"कुठली बाटली?"

मी तिला बांधावरचा तो दिवस सांगितला. वारा, सायकली, तिची रिकामी बाटली, ती काय म्हणाली ते. ती मन लावून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं. तिला खरंच आठवत नव्हतं. मी तो दिवस इतकी वर्षं दागिन्यासारखा जपला होता आणि तिने तो तेव्हाच टाकून दिला होता, टाकतोय हेही तिला कळलं नव्हतं.

"मला तिचा हेवा वाटतो," मी म्हटलं. "झालं? बोलले एकदाची. या वयात शोभत नाही, माहितीये मला."

"मला माहितीये."

"शोभत नाही ते?"

"हेवा वाटतो ते. तिच्या सूपला सगळ्यांसमोर पाणचट म्हणालीस ना दिवाळीला, तेव्हाच कळलं मला."

मला वाटलं होतं ते मी फक्त घरी म्हणाले होते. असो. बाहेर कुणीतरी मोठ्याने हसलं. तिने ओल्या रुमालाची घडी घातली, उलगडली, परत घातली.

"तुला एक सांगू?" ती म्हणाली. "रागावू नकोस. तिच्यासमोर मी काय खाल्लं, कसं खाल्लं, कुणाच्या ग्लासातून प्यायले, याला काही अर्थच नसतो. ती बघतच नाही. मला तिथे हलकं वाटतं गं."

"आणि माझ्यासमोर?"

माझ्या कुर्त्यावरचा डाग तिने पुन्हा एकदा टिपला, तो निघण्यातला नव्हता. "तुझ्यासमोर मी घरी असते," ती म्हणाली. "आणि घरी असलं की नीट वागावं लागतं ना."

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल कुणी इतकं जवळचं बोललेलं नव्हतं, आणि ते असं तक्रार म्हणून कानावर आलं. मला तिला मिठी मारावीशी वाटली आणि एक ठेवूनही द्यावीशी वाटली. दोन्हीतलं काही केलं नाही. "तू हो पुढे, मी आलेच," असं म्हणून ती आतल्या टॉयलेटमध्ये गेली आणि कडी लावली.

मी टेबलाशी परत आले. शेजारीण तिथे नव्हती, काउंटरपाशी रांगेत उभी होती, माझ्याकडे पाठ करून. टेबल कुणीतरी पुसलं होतं. ग्लास होता तिथेच होता. तळाशी चांगली स्टाउट शिल्लक होती. मी सांडून राहिलेली, त्या दोघींची, अर्धी तिची अर्धी हिची.

मी बाकावर बसले, माझ्या मैत्रिणीच्या जागी. ग्लास उचलला आणि तोंड लावून प्यायले.

आधी कोको आला, गोडावा नसलेला. मग तव्यावर जरा जास्त राहिलेल्या भाकरीवर काळे ठिपके पडतात, त्या ठिपक्यांची चव. मग ओट्समुळे आलेला एक मऊपणा, आंबिलीसारखा, घशाखाली उतरताना कळणारा. आणि सगळं गिळून झाल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला किंचित आंबट. इतकी चांगली होती ती. वाईट निघाली असती तर मला बरं वाटलं असतं. मी थांबले नाही. त्या दोघींसाठी घोटभरही ठेवायचा नाही, एवढंच डोक्यात होतं. शेजारणीच्या ओठांचा ठसा असेल, असू दे. फेसाचा शेवटचा थर काचेला धरून खाली येत होता, त्याचीही मी वाट पाहिली आणि तो आल्यावर तोही प्यायले. मग रिकामा ग्लास जिथे होता तिथे ठेवला आणि उठून माझ्या खुर्चीवर जाऊन बसले.

मैत्रीण आली. तिने रिकाम्या ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझ्या वरच्या ओठावर काहीतरी राहिलं असणार, कारण तिची नजर तिथे थांबली. ती काहीतरी बोलणार होती. तेवढ्यात शेजारीण आली.

तिच्या दोन्ही हातांत एकेक भरलेला ग्लास होता. एक तिने बाकासमोर, त्या दोघींच्या मधोमध ठेवला. दुसऱ्यासाठी तिने आधी एक नवी कोरी कागदी चकती माझ्यापुढे मांडली, आणि ग्लास अगदी तळाशी धरून, काठाला बोट लागू न देता, त्या चकतीवर ठेवला.

"हा फक्त तुझा," ती मला म्हणाली, सावकाश, इंग्रजीत. "याला कुणीही तोंड लावलेलं नाही. पंपावरच्या माणसालाही मी सांगितलं, खालून धर म्हणून. मला हे आधी माहीत असतं तर पहिल्यापासूनच तुझा वेगळा आणला असता. सॉरी."

मी मैत्रिणीकडे पाहिलं. ती आत्ता सांगू शकली असती. अगं, हिला काही वेगळा ग्लास लागत नाही, आत्ताच बघ आपला संपवला हिने. तिने सांगितलं नाही. मी सांगायला हवं होतं तर मीही सांगितलं नाही. शेजारणीच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता, एखाद्याचं मन नेमकं ओळखल्याचा, की त्यावर काही बोलता आलं नसतं.

"थँक यू," मी म्हटलं.

त्यांचा ग्लास एकीकडून दुसरीकडे, दुसरीकडून पहिलीकडे जात राहिला. माझ्या ग्लासाला कुणी हात लावला नाही. मी तो ओठ लावून, हळूहळू, एकटीने संपवला.